ई-२० पेट्रोल: नव्या गाडीला मानवतं, जुन्या कार्बोरेटरला जपावं लागतं

शंभर लिटरात वीस लिटर इथेनॉल, ते ई-२०. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि आता साध्या पेट्रोलच्या नोझलमधून बहुतेक सगळीकडे हेच येतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात वीस टक्क्यांची मुदत २०३० होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती २०२५-२६ वर आणली. मुदत पाच वर्षं अलीकडे आली, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या काही पाच वर्षं आधी मोडीत निघाल्या नाहीत.

नव्या गाडीसाठी हे इंधन चांगलं आहे. ऑक्टेन ९५, त्यामुळे भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन ठोकत नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाडीत पाइप, सील, पंप ई-२० सोसणारे असतात. खात्रीसाठी पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा.

मायलेज मात्र कमी होतं. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला (दहा टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या गाड्यांत चारचाकीला ६-७ टक्के, दुचाकीला ३-४ टक्के घट धरा, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार हजार किलोमीटरला चार ते पाच लिटर जास्त पिते.

खरा त्रास कार्बोरेटरवाल्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेल्या दुचाकींना. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तेच असलं तरी मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सकाळी चोकशिवाय गाडी पेटत नाही, रेस दिली की क्षणभर गुदमरते, प्लग बदामी न राहता पांढराफटक पडतो. इंजिन गरम करून कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घ्यायचा, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर. इथे उलट झालं की गाडी आणखी बिघडते. तरीही प्लग पांढराच राहिला तर मेन जेट एक नंबर मोठा बसवा.

शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर पेट्रोलचा फिल्टर आणि फ्लोट बाउल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) साफ करून घ्या. फ्लोट व्हॉल्व्हचं रबरी टोक फुगलं की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळायला लागतात. जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय.

पावसाळ्यात पाण्याचं बघा. इथेनॉल पाणी ओढतं आणि थोडं सामावूनही घेतं, पण मर्यादा ओलांडली की दोघं मिळून तळाशी बसतात. पेट्रोल नेमकं तळातूनच इंजिनला जातं, म्हणून गाडी एकदम बंद पडते. वरून नवं पेट्रोल घालून उपयोग नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून बाउलमधलं पेट्रोल काढून टाका.

इथेनॉल किती आहे ते तपासणं सोपं. उघड्यावर, विस्तवापासून लांब, मापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, दहा मिनिटं थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर २८ मिलीच्या आसपास येतो. त्याहून बराच वर गेला तर पंपाच्या तक्रारवहीत लिहा. हे मिश्रण टाकीत परत ओतू नका.

उसाच्या मळीला आणि मक्याला यामुळे गिऱ्हाईक मिळालं, ते मोलाचं आहे. पण मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे ठरलेला, त्यामुळे पंपावर स्वस्ताई येत नाही आणि घटलेल्या मायलेजचा भार ग्राहकावरच पडतो. निदान मूळ धोरणातल्या २०३० पर्यंत तरी प्रत्येक तालुक्यात एका पंपावर ई-१० चं नोझल हवं. नवी गाडी असेल तर पाचपैकी चार तारे. कार्बोरेटरची असेल तर दोन, तेही जेट बदलल्यावर.