डायबेटिक न्यूरोपॅथी कोड करताना पुस्तक बरं की एन्कोडर?

मेडिकल कोडिंगमध्ये, म्हणजे अमेरिकन पेशंटचे चार्ट (डॉक्टरांच्या नोंदी) वाचून आजारांना कोड द्यायच्या कामात, नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात, आयसीडी-१०-सीएम हे आजारांच्या कोडचं छापील पुस्तक घेऊ का एन्कोडरवर, म्हणजे कोड शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भागेल? मी दोन वर्षं नुसत्या एन्कोडरवर काढली आणि मग पुस्तकाकडे आलो, त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो.

स्पीडला एन्कोडरचा हात कुणी धरणार नाही. दर १ ऑक्टोबरला कोड बदलतात, एन्कोडर अपडेट होऊन येतो, पुस्तक मात्र दरवर्षी नवं घ्यायचं आणि ते स्वस्त नाही.

पण माझं घोडं अडलं एकाच जागी, डायबेटिक न्यूरोपॅथीत, म्हणजे डायबेटिसनं मज्जातंतूंना होणाऱ्या इजेत. आमच्या एन्कोडरला टाइप टू डायबेटिस, न्यूरोपॅथी असं टाकलं की सगळ्यात वर ई११.४० यायचा, म्हणजे अनस्पेसिफाइड, न्यूरोपॅथी कुठली ते न सांगणारा, आणि टार्गेटच्या घाईत हात तिथंच थांबायचा, चार्टमध्ये तर डॉक्टरांनी स्वच्छ पेरिफेरल न्यूरोपॅथी (हातापायांच्या मज्जातंतूंची) लिहिलेलं. एका आठवड्यात असे चार चार्ट ऑडिटमधून परत आले, फार लागलं मनाला. त्या रात्री पुस्तक काढलं, इंडेक्समध्ये न्यूरोपॅथीखाली पेरिफेरलशेजारीच पॉलीन्यूरोपॅथी (एकाच वेळी अनेक मज्जातंतूंची) पण बघा असं छापलेलं, तिथून डायबेटिसखाली गेलो तर सरळ पॉलीन्यूरोपॅथीचा ई११.४२. बोट खाली सरकवलं की ई११.४३ ऑटोनॉमिकचा, म्हणजे पचनासारखी आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या मज्जातंतूंचा, मग गॅस्ट्रोपॅरेसिस (जठर वेळेत रिकामं न होणं) असेल तर के३१.८४ जोडायचं आपसूक लक्षात राहतं. इन्सुलिनचा झेड७९.४, गोळ्यांचा झेड७९.८४ लावा ही सूचनाही त्याच पानावर. एन्कोडरमध्ये ती वेगळ्या टॅबमध्ये होती, तो टॅब मी उघडतच नव्हतो.

डॉक्टरांनी नुसतं पायाला मुंग्या येतात, गॅबापेंटिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध) चालू एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक आणि एन्कोडर सारखेच, निदान आपण काढायचं नाही, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरांनाच विचारायचं. डायबेटिस आणि न्यूरोपॅथी दोन्ही लिहिलेत पण संबंध जोडलेला नाही, तरी विथच्या नियमानं, म्हणजे इंडेक्समध्ये डायबेटिसखाली ‘विथ’ या शब्दाखाली न्यूरोपॅथी दिलेली असल्यानं, तो धरायचा, फक्त डॉक्टरांनी बी१२ ची कमतरता वगैरे दुसरं कारण दिलं असेल तर नाही. हा नियम मला पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत वाचला तेव्हाच पक्का बसला.

तुमच्याकडचा एन्कोडर कदाचित जास्त चांगला असेल, आणि प्रॉडक्शनला, म्हणजे रोजचे चार्ट उरकायला, तो लागतोच. पण पहिलं वर्ष असेल, त्यात सीपीसी, म्हणजे कोडरची सर्टिफिकेट परीक्षा, द्यायची असेल, तर मी तरी आधी पुस्तकाला पैसे घालीन. माझ्या पुस्तकात ई११ च्या पानाला पिवळी पट्टी चिकटवलीय, न्यूरोपॅथीचा चार्ट आला की सबमिट करायच्या आधी अजून तिथं एक नजर टाकतो.