अँड्रॉइड एनडीके: झिप उघडली की टूलचेन तयार

क्रॉस-कम्पायलर, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा कम्पायलर, स्वतः बांधायची मला हौस आहे. आधी बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे), मग अर्धामुर्धा जीसीसी (ग्नूचा कम्पायलर), मग सी लायब्ररी आणि शेवटी परत पूर्ण जीसीसी. तरीही अँड्रॉइडसाठी मी तो घाट घालत नाही. एनडीके म्हणजे सी आणि सी++ कोड अँड्रॉइडसाठी बांधायचा गूगलचा तयार संच, कम्पायलर-लिंकरसकट अख्खी टूलचेन. त्याची झिप उघडते, फोल्डर हवं तिथे ठेवते, इन्स्टॉलेशन संपलं.

पूर्वी असं नव्हतं. प्रत्येक आर्किटेक्चर आणि एपीआय लेव्हलसाठी (अँड्रॉइड आवृत्तीचा क्रमांक) स्क्रिप्ट चालवून वेगळी 'स्टँडअलोन टूलचेन' काढायची, म्हणजे डिस्कवर एकाच कम्पायलरच्या प्रतीच प्रती. २०१९ च्या आर-१९ आवृत्तीपासून ही कटकट गेली. आता बिन फोल्डरात आर्किटेक्चर-लेव्हलच्या प्रत्येक जोडीच्या नावाचा क्लँग (एनडीकेतला कम्पायलर) तयार असतो. लिनक्सवर तो उघडून बघा: छोटीशी शेल स्क्रिप्ट आहे, खऱ्या क्लँगला टार्गेट सांगून बोलावते, बस्स. सिसरूट, म्हणजे अँड्रॉइडच्या हेडर आणि लायब्ररी असलेलं फोल्डर, तो आपला आपण शोधतो. ३२-बिट आर्मची मात्र गंमत आहे. कम्पायलरचं नाव 'आर्मव्ही७ए'ने सुरू होतं, सिसरूटमधलं लायब्ररींचं फोल्डर नुसत्या 'आर्म'ने. का, ते विचारू नका.

खरा वेळ खातात त्या जुन्या लायब्ररी. त्यांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट पीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) वेगळी लिंक करायला जातात आणि लिंकर हात वर करतो, कारण बायोनिकमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत, पीथ्रेड लिबसीच्याच पोटात आहे. मेकफाइल दुरुस्त करणं उत्तम. कंटाळा आला तर त्या नावाची रिकामी आर्काइव्ह (स्टॅटिक लायब्ररीची फाइल) करून ठेवा, चालते. जीसीसी तर आर-१८ मध्येच काढून टाकला, त्यामुळे त्याच्या खास फ्लॅगांवर विसंबलेला कोड आधी साफ करावा लागतो. सी++ ची शेअर्ड लायब्ररी वापरलीत तर ती एपीकेत (ॲपच्या इन्स्टॉल फाइलीत) घालायला विसरू नका. बिल्ड निमूट होतो आणि ॲप फोनवर उघडताना कोसळतं.

आवृत्ती निवडताना थेट आर-२८ किंवा पुढची घ्या. १६ केबी मेमरी पेजसाठीचं अलाइनमेंट तिथे आपोआप होतं, आर-२७ मध्ये ते सांगावं लागतं.

माझी मोठी तक्रार एकच. आर्म प्रोसेसरच्या लिनक्स मशीनसाठी अधिकृत झिपच नाही. ॲपल सिलिकॉनवाल्यांची सोय झालीय, फोल्डरचं नाव अजून एक्स८६ असलं तरी.