वन पीस: नामीचं 'मदत कर' कुठे बघायचं? ३७वा एपिसोड, २०१२चा स्पेशल की लाइव्ह अॅक्शन

वन पीस ही समुद्री चाच्यांची जपानी अॅनिमे (कार्टून) सिरीज सुरू करू का नको अशा गोंधळात असलेल्या माणसाला जुने फॅन एकच सांगतात, आर्लाँग पार्क या कथाभागापर्यंत बघ आणि मग ठरव. सल्ला बरोबरच आहे, कारण हजाराच्या वर एपिसोड असलेल्या या सिरीजचा जीव कशात आहे ते तिथे कळतं. फक्त आता तिथे पोचायचे तीन रस्ते आहेत, १९९९ साली सुरू झालेला मूळ अॅनिमे, २०१२चा टीव्ही स्पेशल, आणि नेटफ्लिक्सची २०२३ची लाइव्ह अॅक्शन. (पुढे स्पॉयलर आहेत, पण त्याशिवाय तुलना होणारच नाही.)

गोष्ट थोडक्यात अशी. नामीचं गाव आठ वर्षं आर्लाँग नावाच्या फिशमॅनच्या (अर्धा मासा, अर्धा माणूस) ताब्यात आहे, जगायचं असेल तर दर मोठ्या माणसामागे एक लाख बेरी (तिथलं चलन) आणि पोरामागे पन्नास हजार द्यायचे. तिला सांभाळणारी बेलमेर जवळचे एक लाख नामी आणि तिची बहीण नोजिको या दोन्ही मुलींच्या नावाने भरते, स्वतःसाठी काही उरत नाही, म्हणून मारली जाते. मग दहा वर्षांची नामी आर्लाँगशी सौदा करते, दहा कोटी जमवून गाव विकत घेईन. चोऱ्या करत ती नऊ कोटी तीस लाखांपर्यंत येते, आणि नेमका तेव्हाच आर्लाँगकडून पैसे खाणारा नेव्हीचा नेझुमी येऊन सगळा पैसा उचलून नेतो.

मूळ अॅनिमेत हे सगळं एपिसोड ३१ ते ४४मध्ये आहे, आणि नामीचा तो फेमस 'मदत कर' सीन ३७मध्ये. चित्र जुनं, चौकोनी स्क्रीनचं, काही फ्रेम तर आज बघताना हसू येईल इतक्या साध्या, पण त्याची ताकद थांबण्यात आहे. आधीचे दोन एपिसोड बेलमेरवर जातात. त्यात सिरीजचा हिरो, चाच्यांचा कॅप्टन लुफी, त्याचं एक वागणं मला फार आवडतं, नोजिको बाकीच्यांना नामीचा भूतकाळ सांगायला बसते आणि हा ऐकायलाच थांबत नाही, सरळ फिरायला निघून जातो. म्हणजे शेवटी नामी मदत मागते तेव्हा तो तिची कहाणी ऐकून पाघळलेला नसतो, ती रडतेय आणि तिने मागितलंय एवढंच त्याला पुरतं.

आणि गावकरी! ते आठ वर्षं तिला गद्दार म्हणून झिडकारत असतात पण खरं काय ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, आपल्या ओझ्याने ती अडकून पडू नये म्हणून नाटक चाललेलं असतं. पैसे गेल्यावर ती हसून म्हणते मी परत जमवीन, गावचा पोलीस गेन्झो तिला जवळ घेऊन म्हणतो आता पुरे, आणि अख्खं गाव आर्लाँगशी लढून मरायला निघतं. त्यानंतर ती स्वतःच्या खांद्यावरच्या आर्लाँगच्या टोळीच्या टॅटूत सुरी खुपसत सुटते, लुफी हात धरतो, ती म्हणते मदत कर, आणि ज्या टोपीला तो कुणाला हात लावू देत नाही तीच तो तिच्या डोक्यावर ठेवतो. लुफीला आवाज देणाऱ्या मायुमी तानाकाची त्यानंतरची आरोळी जपानी ऑडिओतच ऐका, यावर तडजोड नाही.

लाइव्ह अॅक्शनमध्ये हेच सातव्या एपिसोडमध्ये येतं. एमिली रडने नामी खरंच भारी केलीये आणि मॅकिन्ली बेल्चरचा आर्लाँग मला तर अॅनिमेपेक्षा जास्त भीतीदायक वाटला, कारण माणसांनी फिशमॅन लोकांना कसं वागवलं याचा राग त्याच्या बोलण्यात पहिल्यापासून आहे, शिवाय तो बाराटी या तरंगत्या हॉटेलवरच येऊन धडकतो त्यामुळे ओळख लवकर होते. टोपीचा सीनही व्यवस्थित ठेवलाय. पण एक बदल मला खटकतो, इथे गावाला खरं माहीतच नसतं, नोजिकोलासुद्धा सौद्याची कल्पना नसते. सस्पेन्स म्हणून ठीक आहे, आठ भागांत सगळं बसवायचं तर काहीतरी कापावंच लागणार, पण मग गावाचं ते मुकं प्रेम गेलं आणि नामी एकटी ती एकटीच राहिली. आर्लाँगच्या टोळीतला सहा तलवारींचा हाची आणि मोमू ही समुद्री गायही गायब, त्याचं मला एवढं काही नाही.

२०१२चा 'एपिसोड ऑफ नामी' साधारण पावणेदोन तासांचा आहे, रंग चकाचक, मोठी स्क्रीन. पण नव्या माणसाला तो देऊ नका. लुफीच्या टोळीतले झोरो, सांजी, उसॉप कोण आणि लुफीसाठी जीव का टाकतात हे जवळपास गृहीत धरलेलं आहे, त्यामुळे रडणाऱ्या मुलीची गोष्ट कळते पण बाहेर वाट बघत बसलेल्या त्या तिघांचं उठून चालायला लागणं नुसतं स्टाईल वाटतं. बघून झालंय आणि परत रडायचंय अशांसाठी तो मस्त आहे.

आता वेळेचा हिशोब. इथवर अॅनिमेचे ४४ एपिसोड म्हणजे साडेसतरा तासांच्या आसपास, गाणं आणि मागच्या भागाची उजळणी पळवली तर बरेच कमी, लाइव्ह अॅक्शनचे आठ भाग साधारण आठ तासांत होतात. घरच्यांबरोबर बघायचं असेल, कुणी कार्टून म्हणून नाक मुरडणारं असेल, किंवा हिंदी डब हवा असेल तर लाइव्ह अॅक्शनच लावा. एकट्याने बघणार असाल आणि रोज दोन एपिसोड जमत असतील तर सरळ अॅनिमे, तीन आठवड्यांत ३७वर पोचाल. आणि लाइव्ह अॅक्शन आधीच बघून झाली असेल तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, ३१वरून उचला, फक्त तिथे आर्लाँगची ओळख नव्याने होतेय असं धरून चाला आणि बाराटीवर त्याच्या जागी डॉन क्रीग नावाचा दुसरा चाचा होता एवढं लक्षात ठेवा.