फराळ आधी करून ठेवायचा की ऑर्डर आल्यावरच तळायचा? दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून

गणपती उठले की मला दर वर्षी हाच प्रश्न येतो, ताई यंदा पहिल्यांदा फराळ विकणार आहे, माल आधी करून ठेवू का ऑर्डर घेऊन मग तळू? आणि बहुतेक जणी तो विचारतात तेव्हा डबे आणून झालेले असतात, लेबलं छापून झालेली असतात. खरं तर हा प्रश्न सगळ्यात पहिला. पैसे किती घालायचे, बायका किती लागतील, रेट काय लावायचा, कुठे विकायचं, हे सगळं त्याच्या मागून येतं. बिझनेस शिकवणारे याला मेक टू स्टॉक आणि मेक टू ऑर्डर म्हणतात आणि फराळ असो की कारखाना, प्रश्न तोच असतो. मी डोंबिवलीत 2016 पासून हे काम करतेय, दोन्ही पद्धतींनी करून बघितलंय, त्यामुळे जे अनुभवलं ते सांगते.

आधी एकच गोष्ट बघा, तुमचं गिऱ्हाईक किती थांबेल. स्टेशनबाहेर स्टॉल लावणार असाल तर पाच मिनिटंसुद्धा नाही, समोर पाकीट असेल तर घेईल नाहीतर पुढच्या स्टॉलवर जाईल, तिथे माल तयार लागणारच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या बायका आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवतात, त्यांना ताजं हवं असतं. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत, जर्मनीत आहेत ते तर पार्सल वेळेत पोचावं म्हणून कितीतरी आठवडे आधीच विचारायला लागतात. थांबायची तयारी तुमच्या बनवायच्या वेळेपेक्षा जास्त असेल तर ऑर्डरचा रस्ता मोकळा आहे, कमी असेल तर स्टॉकशिवाय गत्यंतर नाही.

पैशाच्या बाबतीत ऑर्डरवाली पद्धत सरळ पुढे आहे. निम्मा ॲडव्हान्स घेतला की त्याच पैशातून तेल, डाळी, सुकामेवा येतो, घरातलं काही गुंतत नाही. स्टॉकमध्ये उलटं, आधी सगळं घालायचं आणि मग पाकिटं विकायची वाट बघायची. 2019 ला मी 60 किलो चकली आधी तळून ठेवली होती आणि त्या वर्षी पाऊस दिवाळीतसुद्धा हटला नाही, हवेत इतका ओलावा की निम्मी चकली सादळली. परत कढईत घालून कुरकुरीत करायचा प्रयत्न केला पण तेल पिऊन बसली, ती विकायला मन झालं नाही. तेव्हापासून मी पदार्थागणिक हिशेब करते.

तो हिशेब असा. समजा एक किलो चकलीला सगळा खर्च धरून 320 रुपये लागतात, विकते 480 ला आणि दिवाळी झाल्यावर उरली तर फरसाणवाला 220 ला घेतो. म्हणजे उरलेला किलो 100 रुपयांनी बुडवतो आणि माल नाही म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक 160 रुपयांनी. 160 ला दोन्हीच्या बेरजेने, म्हणजे 260 ने भागा, साधारण 0.62 येतं. याचा अर्थ इतका माल ठेवायचा की दहा दिवाळ्यांपैकी सहांत पुरेल आणि चारांत कमी पडेल, म्हणजे आपल्या मधल्या अंदाजापेक्षा जरासा जास्त. आता ओल्या नारळाची करंजी घ्या, खर्च 300, विक्री 450, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कोणी घेणार नाही, उरली की पूर्ण 300 गेले. 150 भागिले 450, एक तृतीयांश. इथे अंदाजापेक्षा बराच कमी माल ठेवायला लागतो, आणि माझ्या मते तर ती ऑर्डरशिवाय करूच नये. पापडाचं गणित याच्या दुसऱ्या टोकाला, तो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून 1959 ला गिरगावात सात बायकांनी उसन्या 80 रुपयांवर सुरू केलेलं लिज्जत रोज लाटून माल साठवत जाऊ शकलं. टिकणाऱ्या मालाला स्टॉक शोभतो, एवढं साधं आहे ते.

मग ऑर्डरच घेत राहायच्या का? नाही, त्यातला खड्डा शेवटच्या आठवड्यात दिसतो. माझ्याकडे दिवसाला 25 किलो निघतं. हातात 200 किलोच्या ऑर्डर असतील तर आज नाव लिहिणाऱ्याला 8 दिवस थांबायलाच लागणार, मी कितीही गोड बोलले तरी. जॉन लिटल नावाच्या माणसाने 1961 मध्ये या नात्याची गणिती सिद्धता दिली आणि आज रुग्णालयापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे ते वापरतात, आपल्याला एवढंच पुरे की वहीतले किलो भागिले रोजचे किलो. हे न बघता ऑर्डर घेत गेलं की धनत्रयोदशीच्या रात्री दोन वाजता घाणे काढायची वेळ येते, आणि मदतीला येणाऱ्या बायकांच्या घरीही दिवाळीच असते, त्यांनी थांबावं तरी किती. स्टॉकवाल्यांचं काम तीन आठवड्यांत सारखं वाटलं जातं, हात दमत नाहीत, चवही एकसारखी येते. ऑर्डरवर चालायचं असेल तर एका दिवशी यादी बंद करायची हिंमत पाहिजे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, पण स्ट्रॅटेजी म्हणतात ती माझ्या लेखी इथेच असते, आपण काय करणार नाही ते आधी ठरवण्यात.

अजून एक चूक खूप जणी करतात. तयार माल ठेवायचा नाही म्हणजे कच्चा मालही ठेवायचा नाही असं धरून चालतात. 2024 च्या सप्टेंबरमध्ये, दिवाळीच्या दीड महिना आधी, कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून 20 टक्क्यांवर नेली आणि डब्यांचे भाव चढले. ज्यांनी जुन्या रेटने ऑर्डर घेतल्या होत्या आणि तेल आणायचं बाकी होतं त्यांचा नफा तिथेच गेला. टोयोटा तर कमीत कमी साठ्यावर गाड्या बनवण्यासाठी प्रसिद्ध, पण 1 फेब्रुवारी 1997 ला आयसिन या पुरवठादाराचा कारिया इथला कारखाना जळला, ब्रेकचा एक छोटा भाग मिळेना आणि जपानमधलं टोयोटाचं बहुतेक सगळं काम काही दिवस ठप्प झालं. म्हणून ऑर्डर घेतली की त्याच दिवशी तेवढं तेल घरात यायला हवं आणि भाजणी दळायला दुसरी गिरणी माहीत असायला हवी.

आता मला सगळ्यात पटलेला रस्ता, तो या दोन्हींच्या मधला. आपल्या आज्यांना तो माहीत होता. अनारशाचं पीठ बघा ना, तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळून ठेवायचे, ते पीठ कितीतरी दिवस राहतं आणि अनारसा मात्र हवा तेव्हा तळायचा. भाजणी तशीच, लाडवाचं भाजलेलं बेसन तसंच, चिवड्याचे पोहे निवडून-वाळवून तसेच. वेळखाऊ काम आधी उरकायचं आणि जे लवकर बिघडतं, ज्याची आवड माणसागणिक बदलते, तेवढं शेवटी ठेवायचं. बेनेटन कंपनीने स्वेटर आधी विणून ठेवले आणि रंग नंतर दिले, कारण कुठला रंग चालेल ते आधी कळत नाही. आपल्या कोपऱ्यावरचा पेंटवालासुद्धा शेकडो शेड्सचे डबे ठेवत नाही, पांढरा बेस ठेवतो आणि मशीनवर समोर रंग मिसळून देतो. भाजणी हा आपला पांढरा बेस. कोणाला तिखट चकली हवी, कोणाला लहान मुलांसाठी फिकी हवी, सोऱ्यात घालायच्या आधी मळताना ठरवता येतं.

तर ज्यांचा स्टॉल किंवा दुकान आहे त्यांनी शंकरपाळे, शेव, चिवडा यांचा स्टॉक करावा, आणि ओलं-नाजूक काही ठेवूच नये. ज्यांच्याकडे ओळखीची गिऱ्हाइकं आहेत आणि घरातली एक-दोन माणसंच हाताशी आहेत त्यांनी पहिलं वर्ष फक्त ॲडव्हान्स घेऊन ऑर्डरवर काढावं, नफा कमी दिसला तरी चालेल, कोणता पदार्थ किती जातो याची वही तयार होते आणि ती नसेल तर दुसऱ्या वर्षी स्टॉकचा अंदाज कशावर बांधणार? वही हातात आली की मधला रस्ता धरा.

माझं वेळापत्रक सांगते, पटलं तर घ्या. घट बसले की भाजणी भाजायला आणि दळायला, दसऱ्याला यादी उघडते, वसुबारसेच्या चार दिवस आधी बंद, मग कोणीही येवो. शेवटच्या घाण्यांबरोबर दहा किलो चकली ऑर्डरशिवाय तळते, नरक चतुर्दशीच्या सकाळी दारात येऊन थोडी मिळेल का विचारणाऱ्यांसाठी, आणि आजवर ती भाऊबीजेच्या पुढे कधी उरलेली नाही.