प्लिकर्सची कार्डं आणि अनेकार्थी शब्द : वर्षभर वापरल्यानंतर

आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला गेलं वर्षभर प्लिकर्स हे वर्गात मतं घेण्याचं अॅप वापरलं. मुलांकडे मोबाइल असावा लागत नाही, हे निवडीचं मुख्य कारण. प्रत्येकाला कागदावर छापलेलं एक कार्ड. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. हवी ती बाजू वर करून कार्ड धरायचं आणि मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं मत सहज कळत नाही. एरवी हात वर न करणारी मुलं मत देतात ती यामुळेच.

सर्वांत रंगलेला शब्द ‘उतारा’. प्रश्न एवढाच, की ऐकल्यावर आधी काय आठवलं? परीक्षेतला, सातबाऱ्याचा, विषावरचा की ओवाळून टाकलेला? बरोबर-चूक काहीच नव्हतं. आमची शाळा खेड्यातली, सातबाऱ्याला भरघोस मतं पडली. मग मी विचारलं, या चारही अर्थांचं एकमेकांशी नातं आहे का? मुलं जोडीजोडीने भांडली आणि शेवटी ‘उतरणं’पाशी आली. मजकूर उतरवून घेतात, विष उतरतं, दृष्ट उतरवतात. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं, तर वहीत गेलं असतं आणि तिथेच राहिलं असतं.

याउलट ‘हार’. फुलांचा हार आणि पराभव यांचं नातं जोडायला मुलांनी खूप धडपड केली, पण आजच्या वापरात ते दिसत नाही. नातं दिसणारे अर्थ आणि नुसते सारखे दिसणारे, पण वापरात एकमेकांपासून दूर असलेले अर्थ, हा फरक व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगला.

मत, चर्चा, पुन्हा मत हा क्रम मात्र सोडू नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकात तो रूढ केला. भाषेलाही तो चपखल बसतो. श्लेष शिकवताना ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे वाक्य घेतलं. ‘जीवन’ म्हणजे आयुष्य, पाणी की दोन्ही? पहिल्या फेरीत बहुतेकांचं मत आयुष्य. चर्चेनंतर ‘दोन्ही’कडे वळलं. अलंकार त्या दोन फेऱ्यांच्या मधे कळला.

अडचणीही आहेत. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की कार्ड वाचलं जात नाही, त्यामुळे साधा जाड पुठ्ठा बरा. आकृतीवर बोट आलं तरी मत सुटतं. पर्याय फक्त चार, आणि ‘पान’सारख्या शब्दाला ते पुरत नाहीत: झाडाचं, वहीचं, विड्याचं, पत्त्याचं, जेवणाचं. म्हणून अशा शब्दांना चौथा पर्याय मी ‘आणखी वेगळा’ ठेवते आणि तो निवडणाऱ्यालाच आधी बोलायला सांगते. नवे अर्थ बहुधा तिथूनच येतात.

एका तासाला एकच शब्द घ्यावा. दोन घेतले, तर चर्चेला वेळ उरत नाही आणि नुसती मतमोजणी होते. यंदा ‘कळ’ घेणार आहे: दाबायची, सोसायची आणि लावायची.