एसी-फ्रिजचं काम: कोर्स करावा की उस्तादाच्या हाताखाली शिकावं?

आधी हाताचं कौशल्य. इथे उस्ताद सरस. पाइप कापल्यावर आतली कड रीमरने (कड घासायच्या हत्याराने) साफ करताना तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं तोंड जोडणारा नट) आधी बोटांनी बसवून मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळायचा. दिवसाला दहा जोड केले की हात बसतो. कोर्समध्ये एका बाकाभोवती आठ जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन जोड येतात.

पण 'का' हे कोर्समध्येच नीट कळतं. ब्रेझिंग (धातू वितळवून पाइप जोडणं) करताना पाइपमधून नायट्रोजन सोडला नाही, तर आत काळी पापडी धरते आणि पुढे कॅपिलरी, म्हणजे गॅसची बारीक नळी, तुंबते. पंपाने पाइपमधली हवा काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं एकक) नेऊन पंप बंद केल्यावर गेजचा काटा थोडा चढून थांबला तर ओल आहे, चढतच राहिला तर गळती. आर-४१०ए हा एसीचा गॅस मिश्रण असल्याने द्रवरूपातच भरायचा. अनेक उस्ताद अजूनही पाइपला हात लावून गॅसचा अंदाज घेतात. इन्व्हर्टर मशीनमध्ये (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणाऱ्या) ही सवय घातक ठरते. तिथे वजनकाटाच हवा.

कमाई उस्तादाकडे लवकर सुरू होते, प्रमाणपत्र मात्र मिळत नाही.

घरची निकड असेल तर उस्ताद धरा, पण व्हॅक्यूम गेज वापरणाराच. चिलर (मोठ्या इमारतींसाठी पाणी थंड करणारं यंत्र), कोल्ड स्टोरेज किंवा कंपनीची नोकरी हवी असेल तर कोर्स करा. मात्र प्रवेशाआधी वर्कशॉपमध्ये जाऊन ब्रेझिंगच्या टॉर्चचे नोझल वापरून काळवंडलेत का, ते पाहा.