घरी कापलेल्या लाकडाची शेड, १४ महिन्यांनंतर

शेड उभी राहून १४ महिने झाले, ऊन पाऊस वारा सगळं खाऊन झालंय तिचं, म्हणून आत्ता लिहितोय, नवीन असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

सांगाडा एक नंबर. ६ बाय ६ इंची खांब आणि तुळया ओल्याच कापल्या आणि ओल्याच खाच-कूस करून बसवल्या, म्हणजे एका लाकडात खाच आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारी कूस. आधी सुकव म्हणणारे बरेच भेटले, पण इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब धरला तर मी म्हाताराच झालो असतो, शिवाय ओल्या लाकडात पटाशी मस्त चालते. सांगाड्याच्या सांध्यांत खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खुंट्या मात्र कडक सुकलेल्या, आणि कुसेतलं भोक खाचेच्या भोकापेक्षा २ मिमी खांद्याकडे, म्हणजे कूस जिथून सुरू होते तिकडे, सरकवून पाडलं, त्यामुळे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो. आज एका सांध्यात फक्त पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे, बाकी घट्ट. खांबांना उभ्या भेगा पडल्यात, पहिली पडली तेव्हा रात्री फाट्कन आवाज आला आणि मी टॉर्च घेऊन पळालो. पण गाभा मधोमध ठेवून कापलं की भेगा पडणारच, त्याने खांब काही मोडत नाही.

माती खाल्ली ती फळ्यांमध्ये. सांगाडा ओला चालला म्हणून फळ्याही ओल्याच ठोकल्या, एकमेकींना चिकटवून आणि दोन्ही कडांना खिळे मारून. १० इंची फळी चार महिन्यांत जवळपास अर्धा इंच आक्रसली, आत बसून बाहेरचं सगळं दिसायला लागलं, काही फळ्या तर मधोमध चिरल्या. लाकूड लांबीला जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीलाच आक्रसतं, हे वाचलेलं होतं हो, पण घाई नडली. शेवटी एका कडेचे खिळे उपटले आणि फटींवर २ इंची पट्ट्या मारल्या, खिळा पट्टीतून थेट फटीत, म्हणजे दोन्हीकडच्या फळ्या हलायला मोकळ्या.

ओंडके कापले ते चेनसॉ मिलवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या चेनच्या करवतीने. तिचं म्हणाल तर प्रत्येक कापात ८-९ मिमी लाकूड भुशात जातं, म्हणजे इंची फळ्या काढल्या तर तीन फळ्यांमागे एक गेलीच. तुळयांना परवडतं, फळ्यांसाठी सरळ बँडसॉवाल्याला (पातळ पट्टीच्या करवतीवाल्याला) बोलवा. आणि उभ्या कापाची, म्हणजे ओंडका लांबीने चिरायची, चेन वेगळी मिळते तीच लावा, साध्या चेनवर इंजिन धापा टाकतं.

दोन वाशांची साल काढायचा कंटाळा केला होता, तिथेच भुंगा लागला, खाली रोज पिठासारखी रास.

दरवाजाचं अजून जमलेलं नाही. पावसात फुगून अडकतो, ऊन पडलं की आपोआप उघडतो. दोनदा रंधा मारून झालाय, आता तिसऱ्यांदा मारायच्या आधी तो फुगलेला असतानाच कडेला पेन्सिलची रेघ मारून ठेवलीये.